पोरं कुठायत, मॅडम?

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. जेवणं झालेली, सभागृहातले निम्मे पंखे बंद, आणि पडद्यावर माझी ‘मुक्त खेळ’ची स्लाईड. मागच्या रांगेतून एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, सगळं कळलं. पण पोरं कुठायत?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री घरी भाकरी थापताना मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे मी बघते त्या भागात, चोवीस अंगणवाड्या, आणि शेजारच्या बीटचं पद रिकामं म्हणून तिथल्या एकवीस ‘तात्पुरत्या’. हे तात्पुरतं आता चौथ्या वर्षात आहे. ‘पोषण भी पढाई भी’ हा केंद्र सरकारचा, अंगणवाडीत आहाराबरोबर शिकवणंही व्हावं म्हणूनचा कार्यक्रम 2023 मध्ये सुरू झाला. त्यात आम्हाला दोन दिवस शिकवलं आणि आम्ही पुढे सेविकांना तीन दिवस शिकवायचं, अशी उतरंड. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी ‘नवचेतना’, तीन ते सहासाठी ‘आधारशिला’. पुस्तकं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकते. माझं भांडण खुर्च्यांशी आहे.

शंभरेक बायका खुर्च्यांवर बसतात. गटकार्यात दहा जणी ‘मुलं’ होतात, एक जण ‘ताई’. पंचेचाळिशीची बाई मूल झाली की सांगितल्याबरोबर गोल करते, गाणं म्हणते, मणी ओवून झाले की डब्याचं झाकण लावून ठेवते. असं पोर मला माझ्या पंचेचाळीस अंगणवाड्यांत अजून भेटायचं आहे. खरं पोर मणी नाकात घालतं. दुसरं ते बघून आपल्या नाकात घालतं. तिसरं दारातून आत यायलाच तयार नसतं, कारण त्याची मोठी बहीण बाहेर उभी आहे आणि ती शाळेत गेली की हे भोकाड पसरणार. त्या दहा मिनिटांत ताईनं काय करायचं, हे पडद्यावर दाखवता येत नाही.

गंमत म्हणजे आमच्याच भागात हे सगळं आधी होऊन गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा. मोठी पोर घरी राहते ती धाकट्याला सांभाळायला, हे दिसलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. म्हणजे आधी पोर बघितलं, मग पद्धत ठरवली. आम्ही आज त्यांचा शब्द वापरतो आणि सभागृह भाड्यानं घेतो.

तर मी ठरवलं की निदान मासिक बैठक तरी अंगणवाडीत घ्यायची, मुलं असताना. मासिक बैठक म्हणजे काय ते सांगते: तीन तासांपैकी अडीच तास पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदी भरायचं सरकारी अॅप. कुणाचा फोटो जुळत नाही, कुणाचं आधार जुळत नाही, कुणाच्या पाड्यावर रेंज नाही. त्यातून वेळ काढायचा होता.

पहिला प्रयोग साफ फसला. चोवीस सेविका एका खोलीत शिरल्या, भिंतीला पाठी लावून बसल्या, आणि अठरा मुलांनी एका सुरात रडायला सुरुवात केली. दोघं मागच्या दारानं पळाली. मदतनीस त्यांच्यामागे करंजाच्या झाडापर्यंत धावली. ज्या ताईंची अंगणवाडी होती त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि मी मोबाईलवर ‘उपक्रमाचा फोटो’ काढण्यात गुंतलेली. लाज वाटते आता.

मग पाच जणींचा गट केला. नियम दोनच: बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, मोबाईल पिशवीत. मुलं जेवून घरी गेली की गोल बसायचं आणि प्रत्येकीनं एका मुलानं काय केलं तेवढंच सांगायचं. ताईंनी काय केलं, ते नाही. हा भाग अवघड गेला. आम्हाला शेरे मारायची सवय, त्यात मी सगळ्यात पुढे.

तिसऱ्या वेळी शेवंताताईंची पाळी होती (नाव बदललंय). शिक्षण दहावी, नोकरी एकवीस वर्षं, तक्ते रंगवण्यात कच्च्या म्हणून माझ्याच भेटवहीत दोनदा शेरा. त्यांनी चिकूच्या बिया काढल्या. काळ्या, गुळगुळीत, धुऊन वाळवलेल्या. मोजून पाच बिया एका पोरीपुढे ठेवल्या, पोरीनं मोजल्या. मग ताईंनी ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या, दोन्ही मुठी मिटल्या आणि एक उघडली. आत दोन. “दुसरीत किती?”

पोर घरी वारली भाषा बोलणारी, अंगणवाडीत महिनाभर गप्प. ती त्या बंद मुठीकडे बघत राहिली. एकेक बोट हळूहळू उघडत तिनं तीन बोटं वर केली. ताईंनी बरोबर-चूक काही म्हटलं नाही, नुसती मूठ पुढे केली. पोरीनं स्वतःच ती उघडली, बिया मोजल्या, आणि लगेच सगळ्या स्वतःच्या हातात घेऊन ताईंना विचारलं, किती? शब्द एकच, पण तिचा पहिला.

पाच म्हणजे दोन आणि तीन, हे समजावायला मी अकरा स्लाईड घेतल्या होत्या.

नंतर मी विचारलं, हे कुठे शिकलात? “कुठे म्हणजे? आम्ही लहानपणी चिंचोक्यांनी खेळायचो.” तीन वर्षांच्या आतल्यांच्या हाती बिया देऊ नका, घशात अडकतात, एवढं एक मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “माहितीय. ती बाहेर मदतनीसकडे असतात.”

आणि इथे माझी दुसरी तक्रार. त्या मदतनीसला यातलं काहीच मिळत नाही. शी-शू, जेवण, रडणं, झोप, सगळं तिच्याकडे. सेविका प्रशिक्षणाला गेली की पूर्ण अंगणवाडीही तिच्याकडे. आम्ही पाच जणी बघायला निघालो की पाच पाड्यांवर पाच मदतनिसा एकट्या वर्ग सांभाळतात. आता मी गटात एक तरी मदतनीस घेते. प्रवासभत्ता तिलाही मिळत नाही, आम्हालाही महिनोन्‌महिने मिळत नाही, म्हणून एसटीऐवजी चालत जाण्याजोगे पाडे निवडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना वर्षभराचा अभ्यासक्रम सांगितलाय. शेवंताताईंना हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “करीन की. पण मिळतं त्याला पगार म्हणतील का मग, की मानधनच?” मी पुढचा मुद्दा वाचला.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली मुलं पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा त्यांना पुन्हा कसं बसवायचं, यावर पुढची बैठक हवी असं गटानंच ठरवलंय. ती बैठकही शेवंताताईंकडेच. काल त्यांचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला: “मॅडम, पाचच जणी आणा. सहावी आली तर तिला तांदूळ निवडायला बसवीन. तुम्ही आलात तरी.”