हॉप्स किती, यापेक्षा हॉप्स कधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), यीस्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा व वास देणारी एका वेलीची फुले) एवढ्याच गोष्टींच्या भरवशावर सगळ्या आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या हॉप्सप्रधान प्रकारच्या बिअर, तयार होत असतील, तर कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोची आयपीए नितळ, कोरडी आणि जिभेवर रेंगाळणाऱ्या कडवटपणाची, आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँटची मात्र गढूळ, मऊ, फळांच्या रसाची आठवण करून देणारी, असे का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते, की एकीकडे हॉप्स जास्त टाकत असतील आणि दुसरीकडे कमी. पण गढूळ आयपीएमध्ये हॉप्सचे वजन पुष्कळदा अधिकच भरते. खरा फरक आहे तो हॉप्स कधी टाकले यात. आणि कुठल्या प्रांताने कुठली वेळ पसंत केली याचे कारण, माझ्या मते, तिथल्या मातीत कमी आणि बिअर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीत जास्त सापडते.

थोडे रसायन सांगावेच लागेल. हॉप्सच्या फुलात ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, कामाच्या मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे अल्फा आम्ले. ती मुळात फारशी कडू नसतात आणि नीट विरघळतही नाहीत. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, उकळत असताना त्यांची रचना बदलते आणि मगच कडवटपणा द्रवात उतरतो. दुसरी म्हणजे सुगंधी तेले. त्यांतली मर्सीनसारखी तेले उकळत्या भांड्यातून वाफेबरोबर उडून जातात. त्यामुळे हॉप्स तासभर उकळले तर कडवटपणा मिळतो आणि वास जातो; आच बंद करून वर्ट ८० अंश सेल्सियसच्या आसपास उतरल्यावर टाकले तर कडवटपणा थोडाच येतो आणि वास बराच टिकतो; आणि आंबवण चालू असताना किंवा संपत आल्यावर टाकले, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तर हाती लागतो तो मुख्यतः वासच. ब्रुअरांचे प्रांतोप्रांतीचे मतभेद हे या तीन वेळांमध्ये हॉप्सची वाटणी कशी करायची याविषयीचे आहेत.

कॅलिफोर्नियापासून सुरुवात करणे भाग आहे. ओरेगनमधील सरकारी संशोधनातून आलेले कॅस्केड हे वाण १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडले, आणि त्याचा ग्रेपफ्रूट व पाइनसारखा वास युरोपीय हॉप्सच्या संयत, मातकट वासापेक्षा अगदीच वेगळा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तो वापरला आणि १९८० पासून चिको गावातल्या सिएरा नेव्हाडाने आपल्या पेल एलमधून त्याची देशभर ओळख करून दिली. पुढे १९९४ मध्ये टेमेक्युला इथल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत व्हिनी सिलुर्झो यांनी हॉप्सचे प्रमाण दुपटीच्या दिशेने नेले. त्यांचीच नंतरची, रशियन रिव्हर ब्रुअरीची प्लिनी द एल्डर ही या घराण्यातली आदर्श बिअर मानली जाते. या बिअरमध्ये कडवटपणा हाच कणा असतो. माल्ट फिकट आणि कमी गोड, यीस्ट साखर जवळजवळ संपवून टाकणारे व स्वतःचा वास मागे न ठेवणारे, आणि पाण्यात सल्फेट वाढवलेले, कारण सल्फेटमुळे कडवटपणाला धार येते. पाण्याची ही युक्ती कॅलिफोर्नियाची नव्हे, ती इंग्लंडमधल्या बर्टनची. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, नैसर्गिकपणेच भरपूर आहे, आणि आता तेच पाणी कुणीही जिप्समची भुकटी घालून घरबसल्या तयार करतो. प्रांताचे वैशिष्ट्य मातीतून येते असे मानणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचा तरी विचार करावा.

ही बिअर अशी का घडली? मला वाटते, तिला दूरवर जायचे होते म्हणून. बाटलीत भरून, ट्रकमधून, दुकानाच्या फळीवर काही आठवडे काढून ती गिऱ्हाइकाला मिळणार होती. हॉप्सचा वास या प्रवासात विरतो, कडवटपणा मात्र बराच काळ टिकून राहतो. शिवाय गाळून नितळ केलेल्या बिअरमध्ये तळाशी साका बसण्याची भीती नसते. तिथल्या ब्रुअरांना ताजेपणाची कदर नव्हती असे मात्र कुणी समजू नये. प्लिनीच्या बाटलीवर ती साठवून ठेवू नका, ताजी प्या असे बजावलेले असते, आणि सॅन डिएगोजवळच्या स्टोन ब्रुअरीने तर २०१२ मध्ये ‘एन्जॉय बाय’ ही आयपीए काढून, ती कोणत्या तारखेच्या आत प्यायची हेच तिचे नाव केले.

व्हरमाँटमध्ये परिस्थिती उलटी होती. वॉटरबरीमध्ये जॉन आणि जेन किमिच यांचा द अल्केमिस्ट हा पब २००३ मध्ये सुरू झाला. तिथे बिअर जिथे बने तिथेच विकली जाई. गाळण्याची गरज नव्हती, गढूळपणाबद्दल दुकानदाराची तक्रार येण्याची शक्यता नव्हती, आणि जो वास दूरच्या प्रवासात टिकला नसता तो इथे आठवडाभर टिकला तरी पुरेसा होता. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब उद्ध्वस्त झाला, आणि त्याच सुमाराला सुरू झालेल्या त्यांच्या दुसऱ्या जागेतून हेडी टॉपर ही त्यांची आयपीए डब्यांत भरली जाऊ लागली. बिअर ग्लासात ओतू नका, डब्यातूनच प्या, अशी सूचना त्यावर छापलेली असे. आजच्या मानाने हेडी टॉपर चांगलीच कडू आहे. कडवटपणा जवळजवळ बाजूला सारून ओट्स आणि गहू भरपूर घालणे, पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडवर भर देऊन तोंडात भरीवपणा आणणे, आणि आंबवण जोरात असतानाच ड्राय हॉपिंग करणे, हे सारे त्यानंतर शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील ट्री हाउस, ट्रिलियम अशा ब्रुअऱ्यांनी अधिक टोकाला नेले. आंबवण चालू असताना यीस्ट हॉप्समधली काही संयुगे बदलते हे खरे आहे. जिरॅनिऑलचे सिट्रोनेलॉल होणे हे त्याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण. तरी ब्रुअर मंडळी फळाच्या प्रत्येक वासाचे श्रेय या एका क्रियेला देतात, ते मला पटत नाही. सिट्रा, मोझेक ही वाणे मुळातच तशा वासाची आहेत.

या बिअरची दुखरी नस म्हणजे ऑक्सिजन. डब्यात किंचित हवा राहिली तरी तिचा सोनेरी रंग करडा-तपकिरी पडतो आणि वास मालवतो. म्हणूनच ब्रुअरीच्या दारात रांग लावून डबे विकत घेण्याची रीत या भागात रुजली. तिला लोक फॅशन म्हणतात. मला ती या बिअरची तांत्रिक गरज वाटते.

या दोन टोकांच्या मधलेही प्रांत आहेत. डेलावेअरच्या डॉगफिश हेडचे सॅम कॅलाजिओनी यांनी तर हॉप्स कधी टाकायचे हा प्रश्नच निकालात काढला: थरथरणाऱ्या पटावर चालणारा फुटबॉलचा एक जुना विजेरी खेळ त्यांनी उकळत्या भांड्यावर तिरका लावला आणि हॉप्स सलग दीड तास थोडे थोडे पडत राहतील अशी व्यवस्था केली. २००१ मधली त्यांची ९० मिनिट आयपीए यातूनच आली. मिशिगनमधील बेल्सची टू हार्टेड केवळ सेंटेनियल या एका वाणावर उभी आहे आणि तिच्यात माल्टला कॅलिफोर्नियापेक्षा जास्त मान आहे.

माती खरोखर निर्णायक ठरते ती वायव्येकडे. वॉशिंग्टन राज्यातले याकिमा खोरे अमेरिकेच्या हॉप्सचा मोठा हिस्सा पिकवते. ताज्या फुलात सुमारे ८० टक्के पाणी असते, त्यामुळे तोडल्यावर ती लगेच भट्टीत वाळवावी लागतात. न वाळवता वापरायची तर काही तासांत भांड्यात पडली पाहिजेत, आणि वजनानेही कित्येक पट लागतात. सिएरा नेव्हाडाने १९९६ मध्ये अशी फुले ट्रकने चिकोला नेऊन बिअर केली खरी, पण सिएटल किंवा पोर्टलंडचा ब्रुअर सकाळी शेतावर जाऊन दुपारी भांडे पेटवू शकतो. सप्टेंबरमधल्या त्या बिअरला हिरव्या पानांचा जो वास असतो तो दूरच्या कुणाला सहजी साधत नाही. न्यूझीलंडच्या नेल्सन भागातल्या नेल्सन सॉव्हिन या वाणाचा पांढऱ्या द्राक्षांसारखा वास मातीचे असेच काही श्रेय मागतो. पण त्याच्या कळ्या आता जगभर जातात.

बाकीच्या सीमा पुसट झाल्या आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने गढूळ आयपीएला अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडाने ‘हेझी लिटल थिंग’ देशभर विकायला काढली. शीतसाखळी आणि डबे भरण्याची यंत्रे सुधारली, तशी ही बिअर दारातून बाहेर पडू शकली. तेव्हा ‘वेस्ट कोस्ट’ (कॅलिफोर्नियाची नितळ, कडू) आणि ‘न्यू इंग्लंड’ (व्हरमाँट-मॅसॅच्युसेट्सकडची गढूळ) ही नावे आता पत्ता सांगत नाहीत, पद्धत सांगतात. माझा स्वतःचा कल अजून कडव्या, कोरड्या बिअरकडे आहे, आणि गंमत म्हणजे गढूळपणावरचा अलीकडचा सर्वांत चांगला प्रतिवाद मला कॅलिफोर्नियातून नव्हे, ओरेगनमधून आलेला दिसतो. पोर्टलंडच्या वेफाइंडर ब्रुअरीत केविन डेव्ही यांनी २०१८ मध्ये लागर बिअरचे, म्हणजे एरवी थंडाव्यात आंबवणारे, यीस्ट नेहमीपेक्षा जरा उबेत वापरून आणि तांदूळ किंवा मक्याने अंग हलके करून जी ‘कोल्ड आयपीए’ केली, तिच्यात ड्राय हॉपिंग आहे, नितळपणा आहे आणि कडवटपणाही जागेवर आहे.