तुम्ही विचारलंत म्हणून: धडा कशात बनवायचा?

शिक्षण परिषदेला गेले की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी गाठतंच. "बाई, मुलं टॅबवर बोटाने उत्तरं देतात ते धडे तुम्ही कशात बनवता? सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? नेट नसेल तर चालतं का?" हर्णै असो की दाभोळ, प्रश्न हेच. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी एचफाइव्हपी (H5P) वापरते, प्रश्नोत्तरांचे असे धडे बनवायचं साधन. नॉर्वेत २०१३ साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, पैसे पडत नाहीत. लॅपटॉपवर लुमी नावाचा प्रोग्रॅम टाकलाय, त्यात धडा रचायचा आणि एकाच एचटीएमएल फाइलमध्ये साठवायचा. ती फाइल पेनड्राइव्हने टॅबवर टाकली की ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही. पावसात आमच्याकडे चार-चार दिवस रेंज नसते, म्हणून माझी निवड तिथेच झाली. फक्त व्हिडिओ आत घालू नका, फाइल जड होते आणि जुना टॅब अडकतो. चित्रं आणि आवाज पुरतात.

स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही चांगली सॉफ्टवेअरं आहेत, पण त्यांना पैसे मोजावे लागतात. कंपन्यांना परवडतं, आपल्या शाळेला कशाला? मात्र कुठल्या मुलाला किती गुण मिळाले याची नोंद हवी असेल, तर पेनड्राइव्हची फाइल पुरत नाही. तिथे मूडलसारखं सॉफ्टवेअर लागतं, जे मुलांचे धडे आणि गुण एका सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर, ठेवतं. मूडलही मोफतच आहे, पण सर्व्हर सांभाळणारं कुणीतरी हवं.

आणखी एक, हे कळकळीने सांगते. आम्ही एकदा वर्गणी काढून धड्यांच्या सीडी घेतल्या होत्या. सगळे धडे फ्लॅशमध्ये, म्हणजे हलत्या चित्रांच्या एका जुन्या तंत्रात. ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीने फ्लॅशचा आधार बंद केला आणि त्या सीडी कपाटात पडल्या. म्हणून घेण्याआधी विचारा, हा धडा साध्या ब्राउझरमध्ये उघडतो का आणि आपल्याला बदलता येतो का. जुन्या फाँटमधल्या टिपणांचं आधी युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारी अक्षरं, करून घ्या, नाहीतर धड्यात नुसती अगम्य चिन्हं उमटतील.

पण खरा वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. सातवीसाठी मी भरती-ओहोटीचा धडा केला. 'उधाणाची भरती कधी येते?' खाली चार पर्याय. चुकलं की 'चूक, पुन्हा प्रयत्न करा.' मुलं काय करायची? चारही पर्यायांवर पटापट बोट ठेवायची, हिरवी खूण आली की पुढे. शिकलं कुणीच नाही.

एचफाइव्हपीत प्रत्येक पर्यायाला वेगळा प्रतिसाद लिहिता येतो. ती जागा मी रिकामी ठेवली होती. रात्री बसून भरली. 'अष्टमी' निवडणाऱ्याला आता असं दिसतं: 'अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी काटकोनात असतात, दोघांची ओढ एका रेषेत येत नाही. त्या दिवशी पाणी बंदराच्या कितव्या पायरीपर्यंत येतं, आठवून बघ.'

दुसऱ्या दिवशी एक मुलगा त्याच पर्यायावर थांबला. डोळे मिटून पायऱ्या मोजल्यासारखं केलं त्याने. मग म्हणाला, "बाई, अष्टमीला भांगाची भरती. पाणी वर येत नाय. आमचे आजोबा सांगतात." आणि लगेच, "पण ह्यात भांग कुठाय?"

नव्हतंच. धड्यात भांगाच्या भरतीला 'लघुतम भरती' एवढंच म्हटलं होतं. त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. आजोबांनी जाळं शिवता शिवता उधाण आणि भांग समजावून सांगितलं, ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि चाळीस सेकंदांचा तो आवाज त्या प्रश्नासोबत बसवला.

फाइल तयार आहे. पुढच्या परिषदेला पेनड्राइव्ह घेऊन या. तुमच्या खाडीत भांगाला वेगळा शब्द असेल, तर आवाज काढून तुमच्या माणसाचा घाला.