सूर्य नसलेल्या गावाला का जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याला आले की घरची माणसं, सह्याद्रीत माझ्याबरोबर हिंडलेली मित्रमंडळी, सगळे फिरून फिरून तेच विचारतात: "नॉर्वेत एवढी सुंदर ठिकाणं आहेत, मग हिवाळ्यात जिथे ऊनच पडत नाही त्या गावाला तू सारखी कशाला जातेस? आणि तिथली माणसं तरी तिथे का राहतात?"

आधी उन्हाचं सांगते. ते गाव, ऱ्युकान, ध्रुवाजवळ नाही. ते ऑस्लोच्या पश्चिमेला, टेलेमार्कमध्ये आहे. हिवाळ्यातही तिथे रोज उजाडतं, आकाश निळं होतं, समोरचे कडे उन्हात न्हाऊन निघतात. पण दरी अरुंद आणि तिची दक्षिणेची बाजू फार उंच. त्या बाजूला गाउस्ताटोप्पेन (थोडक्यात गाउस्ता) हा डोंगर उभा आहे, १८८३ मीटरचा. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दरीच्या तळाला ऊन लागत नाही.

अशा जागी गाव वसलं ते पाण्यामुळे. ऱ्युकानफोसेन हा १०४ मीटरचा धबधबा. सॅम आयडे या इंजिनिअरला त्यात वीज दिसली. क्रिस्तियान बिर्केलान या शास्त्रज्ञाबरोबर त्यानं विजेच्या ठिणगीतून हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवायची पद्धत काढली होती, आणि तिला अफाट वीज लागायची. १९०५ साली नोर्स्क हीद्रो ही कंपनी उभी राहिली. १९११ मध्ये वेमोर्कचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं होतं. जिथे शेतकऱ्यांची तुरळक घरं होती, तिथे कंपनीनं अख्खं शहर बांधलं. साहेबलोकांची घरं उतारावर जरा उंच होती, कामगारांची खाली सावलीत. २०१५ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे.

उन्हाची ओढ तेव्हापासूनची. डोंगरावर आरसा लावून ऊन खाली आणावं ही कल्पना ऑस्कर किट्टिलसेन या हिशेबनिसानं १९१३ मध्येच मांडली होती. ते तेव्हा जमलं नाही. त्याऐवजी १९२८ मध्ये कंपनीनं गावाला रोपवे दिला, क्रोसोबानेन. हेतू एकच: हिवाळ्यात लोकांना वर जाऊन ऊन खाता यावं. एक डबा लाल, एक निळा; लाल डब्याचं नाव तिथल्या आंबट लाल बोरावरून, निळ्याचं ब्लूबेरीवरून. तो आजही चालतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या स्वच्छ रविवारी डब्यात शिरा. आजीबाईंच्या हातात बसायला फोमची घडी, पोरांच्या पाठीवर स्की, कोणाच्या तरी पिशवीतून सोललेल्या संत्र्याचा वास. मिनिटामिनिटाला उजेड बदलत जातो आणि ८८६ मीटरवर, ग्वेप्सेबोर्गच्या वरच्या स्टेशनात दार उघडलं की डोळे दिपतात. लोक बर्फावर घडी टाकतात, सूर्याकडे तोंड करतात आणि बसून राहतात. बोलतही नाहीत फारसे.

किट्टिलसेनचा आरसाही अखेर आला, बरोबर शंभर वर्षांनी. मार्टिन आंदर्सन या कलावंतानं तो विषय पुन्हा उचलून धरला आणि ३० ऑक्टोबर २०१३ ला चौकाच्या ४५० मीटर वर बसवलेल्या तीन आरशांनी गावात ऊन पाडलं. ते सूर्यामागे आपोआप फिरतात. परदेशी पाहुणे आरसाच बघायला येतात. मला विचाराल तर या गावाचा स्वभाव रोपवेत जास्त कळतो: ऊन खाली येत नसेल तर आपण वर जायचं.

वर गेलं की पुढे हार्डांगरविद्दा, युरोपातलं सर्वांत मोठं डोंगरपठार. दुसऱ्या महायुद्धात याच पठारानं इतिहास घडवला. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. वेमोर्कला जड पाणी (जड हायड्रोजनचं, अणुभट्टीत वापरता येणारं पाणी) तयार होत होतं आणि ते जर्मनांच्या अणुसंशोधनासाठी जाणार होतं. ते बंद पाडण्याच्या मोहिमेसाठी १९४२ च्या ऑक्टोबरात चार नॉर्वेजियन पॅराशूटनं पठारावर उतरले. त्यातले येन्स-आंतोन पौल्सन, क्लाउस हेलबर्ग आणि क्नूट हाउगलान ऱ्युकानचेच. मदतीला निघालेल्या ब्रिटिश ग्लायडरांना अपघात झाला, ४१ माणसं गेली. हे चौघे मात्र हिवाळाभर वर टिकून राहिले. शिधा संपल्यावर दगडफूल खाल्लं, नाताळच्या तोंडावर पौल्सननं रेनडिअर मारला तेव्हा कुठे पोटभर मिळालं.

२७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री, योआकिम रनेबर्गची तुकडी येऊन मिळाल्यावर, नऊ जण निघाले. वेमोर्कला जाणाऱ्या पुलावर पहारा होता. हेलबर्गनं आधीच दिवसाउजेडी घळीत उतरून वाट हेरली होती. त्या वाटेनं ते नदीपर्यंत उतरले, पलीकडचा कडा चढले, रेल्वेच्या रुळांवरून आत शिरले. जड पाण्याची यंत्रं स्फोटानं उडवली, एकही गोळी सुटली नाही. परतताना ते त्याच क्रोसोबानेनच्या तारांखालच्या नागमोडी वाटेनं पठारावर चढले. पाच जण स्कीवरून सुमारे ४०० किलोमीटर तुडवत स्वीडनला पोचले. ही हकिगत स्फोटासाठी सांगितली जाते, पण स्फोटाचं काम काही मिनिटांचं होतं. खरं काम होतं ते बर्फात जगण्याचं, वारा ओळखण्याचं, रात्री स्की चालवण्याचं, आणि ते ही पोरं लहानपणापासून शिकलेली होती. हेलबर्गनं युद्धानंतर नॉर्वेच्या ट्रेकिंग संस्थेत वाटाड्याचं काम केलं, वर्षानुवर्षं.

आता माझं. मी जाते ती बर्फासाठी, म्हणजे गोठलेले धबधबे चढायला. ऱ्युकानच्या आसपास असे दीडशेहून जास्त आहेत. वीजकेंद्रासाठी नदीचं पाणी बोगद्यांतून आणि पाइपांतून वळवलेलं असल्यामुळे वेमोर्कच्या घळीच्या तळाशी हिवाळ्यात चालत जाता येतं. कड्यांतून झिरपणारं पाणी जागच्या जागी गोठतं, आणि ऊन नसल्यामुळे ते बर्फ महिनोन्‌महिने टिकतं. ज्या सावलीनं गावाला इतकं छळलं, तिच्याच जोरावर आता जगभरचे क्लाइंबर तिथे येतात. आइस ॲक्स नीट बसली तर भरीव 'ठक्क' असा आवाज येतो आणि मनगटाला कळतं की धरलं. कडाक्याच्या थंडीत मात्र बर्फ ठिसूळ होतं, ताटाएवढी चकती सुटून अंगावर येते. म्हणून खाली उभं राहणारा दोराच्या सरळ रेषेत कधीच उभा राहत नाही.

तिथल्या लोकांकडून मी सगळ्यात मोठी गोष्ट घेतली ती त्यांच्या डोंगरनियमांतली: वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही. हे तिथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. गाउस्ताच्या वाटेवर शिखर अर्ध्या तासावर असताना वारा फिरला म्हणून अख्खं कुटुंब निमूट परतताना मी पाहिलंय. कोणी हळहळत नाही, कोणी समजूत काढत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात गर्दीच्या किल्ल्यांवर जे अपघात होतात ते वाचले की मला ते कुटुंब आठवतं आणि वाटतं, हे आपल्याकडे प्रत्येक ट्रेकच्या ग्रुपनं निघण्याआधी मोठ्यानं म्हणावं.

माणसं तिथे का राहतात, याचं उत्तर मी त्यांच्या वतीनं देऊ शकत नाही. खताचा मोठा कारखाना बंद झाला, वस्ती घटली. पण शाळा सुटल्यावर स्की घेऊन वर पळणारी मुलं बघितली की मला तरी हा प्रश्न पडत नाही.

यायचं असेल तर बर्फासाठी जानेवारी-फेब्रुवारी, आणि पहिल्यांदा येणाऱ्यानं स्थानिक गाइड घ्यावाच. नुसतं चालायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. स्ताव्हस्रोहून, म्हणजे जिथून वाट सुरू होते तिथून, गाउस्ताचा माथा दोन-तीन तासांत होतो, आणि गुडघे कुरकुरत असतील तर लष्करानं शीतयुद्धाच्या काळात डोंगराच्या पोटात बांधलेली रेल्वे आता सगळ्यांसाठी खुली आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून नॉर्वेचा सहावा हिस्सा दिसतो. विंडचीटर मात्र उन्हाळ्यातही सोबत ठेवा.