तुम्ही विचारलंत म्हणून: हो, गाडी मीच चालवत होते

नाशिक ते हिमाचलातलं चितकूल गाडीने जाऊन आलो म्हटल्यावर लोक रस्ता कसा होता, थंडी किती होती, खर्च किती आला असं काहीतरी विचारतील असं वाटायचं. कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "आलटून पालटून चालवलीत ना?" मी म्हणते नाही, मीच. मग सगळे जरा गप्प. मग दुसरा प्रश्न, तो माझ्याकडे न बघता नवऱ्याला, "मग तुम्ही काय करत होतात?" सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, आतेसासूबाईंनी विचारलं, कंपनीत डबा खाताना अख्ख्या टेबलाने विचारलं, आणि एकीने तर मला बाजूला घेऊन हळू आवाजात "मिस्टरांना काही प्रॉब्लेम आहे का, डोळ्यांचा वगैरे" असंही विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

प्रॉब्लेम काही नाही. डोळे चांगले आहेत, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. त्याला कार चालवायला आवडत नाही, एवढंच. लग्नाआधी ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरले होते, द्वारका सर्कलला शिकवणाऱ्याने त्याच्या वतीने करकचून ब्रेक दाबला, हा खाली उतरला आणि रिक्षा करून घरी आला, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटल्याचं मला तरी दिसलेलं नाही. ॲक्टिव्हावर मजेत फिरतो. एखाद्याला कारलं आवडत नाही म्हटलं की आपण त्याला डॉक्टरचा नंबर देत नाही ना, मग इथे काय होतं?

आणि तो काय करत होता म्हणाल तर बरंच काही. धुळे, मग बिजासन घाट चढून सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, आणि दिल्ली टाळायची म्हणून कोटपुतलीवरून नारनौलकडे वळून तिथून १५२डी हा हायवे पकडायचा, हे सगळं डोकं त्याचं. हा हायवे २२७ किलोमीटरचा, २०२२ला सुरू झाला, सरळसोट आहे आणि त्यावर दुपारी जेवण झाल्यावर जी झोप येते तशी मला कुठेच आली नव्हती. तिथे ह्याने मला त्याच्या पतसंस्थेतल्या थकबाकीदारांच्या गोष्टी सांगून जागं ठेवलं. शिमल्याच्या पुढे मोबाईलवरून वाचून दाखवत होता, की हा हिंदुस्तान-तिबेट रोड डलहौसीच्या काळात १८५०ला सुरू झाला, की वर कल्प्याला स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्याम सरन नेगी राहायचे, शाळामास्तर होते, बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून तिकडे १९५१च्या ऑक्टोबरमध्येच मतदान घेतलं होतं. संत्री सोलून देणं, टोलचा बॅलन्स बघणं, गाडीच्या ॲव्हरेजची वही. तरी प्रत्येक पंपावर कार्ड स्वाइप करायचं मशीन काचेतून त्याच्या हातात, आणि ढाब्यावर बिलही त्याच्यापुढे. कार्ड माझं असायचं, ते जाऊ द्या.

इथपर्यंत मी नेहमी सांगते. पुढचं सांगत नाही, आणि तोही सांगत नाही, "पूर्ण हिनेच चालवली" म्हणून मोकळा होतो आणि समोरचे "वा!" म्हणतात. पूर्ण नाही चालवली मी. चितकूलच्या अलीकडे सांगला आणि रकछम ह्या गावांच्या मध्ये एक तुकडा आहे, फार तर दीडशे मीटर असेल, तेवढी गाडी दुसऱ्याच माणसाने चालवली. त्या तुकड्याबद्दल लिहायला बसलेय खरं तर.

आधी थोडं रस्त्याबद्दल, नाहीतर कळणार नाही. करछमला सतलज सोडून बास्पा नदीच्या खोऱ्यात शिरलं की रस्ता एका गाडीचाच होतो. जाताना डोंगर डावीकडे आणि नदी उजवीकडे, म्हणजे माझ्या दाराच्या बाजूला. सांगला २७०० मीटरच्या आसपास, चितकूल साधारण ३४५०, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे आमची वॅगनआर जिथे नाशिकला सेकंडवर सहज चढली असती तिथे फर्स्टवर कण्हत होती. ह्या खोऱ्याची भीती घरच्यांनी आधीच भरपूर घातली होती. २०२१च्या जुलैमध्ये बटसेरीला दरड कोसळून नऊ पर्यटक गेले, मोठाले दगड उड्या मारत आले आणि त्यांनी पूल तोडला, तो व्हिडिओ सासूबाईंनी निघायच्या आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर टाकला होता, खाली फक्त हात जोडलेले. आम्ही त्यासाठीच पावसाळा संपवून ऑक्टोबरात गेलो होतो, पण सासूबाईंशी वाद कोण घालणार. वाटेत तरांडा मातेच्या देवळापाशी सगळ्या गाड्या थांबतात, आम्हीही थांबलो, त्यांच्या नावाने नमस्कार केला.

तर एका वळणावर समोरून बस आली. तिच्या मागे सफरचंदाच्या पेट्या भरलेली पिकअप, तिच्या मागे अजून गाड्या. घाटात चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं, हे १९८९पासून कायद्यात लिहिलेलं आहे आणि मला पाठ आहे, सप्तशृंगी गडाच्या घाटात मी ते दोनचार जणांना ऐकवलेलंही आहे. पण मागे गाड्यांची रांग असलेली बस मागे जात नाही, हेही मला कळतं. मागे जायचं होतं मला. वळण घेत खाली, नदीच्या बाजूला जिथे रस्ता जरा रुंद होता तिथे. मी नवऱ्याला म्हटलं, "उतर, मागे बघ." तो उतरला. रिव्हर्स टाकला. पहिल्यांदा मागचं चाक डोंगराकडच्या नालीत जायला लागलं म्हणून परत पुढे घेतली. दुसऱ्यांदा जास्त तिरकी झाली. परत पुढे घ्यायची म्हणजे चढावर क्लच धरून, आणि क्लचचा तो जळका वास यायला लागला, आणि हॉर्न, आधी एक मग सगळेच. भद्रकालीच्या गल्लीत गर्दीच्या वेळी दोन्हीकडून हातगाड्या असताना रिव्हर्स घेतलेली बाई आहे मी, हे मी तेव्हा मनातल्या मनात कोणाला सांगत होते देव जाणे.

बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला. रागात नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण गोष्ट सांगताना त्याला राक्षस करणं सोपं आहे. माझ्या काचेपाशी आला पण बोलला माझ्या नवऱ्याशी, गाडीच्या टपावरून. "भाईसाब, आप क्यों नहीं चला रहे?" म्हणजे बघा, नाशिकच्या काकूंच्या आधी हा प्रश्न तिकडे पोचला होता. नवरा म्हणाला, "मुझे नहीं आता." इतकं सरळ. मग ड्रायव्हर मला म्हणाला, "मैडम, आप उतर जाओ, मैं लगा देता हूँ."

मी नवऱ्याकडे बघितलं. आणि तो म्हणाला, "दे त्यांना. लोक थांबलेत."

लोक थांबलेत! १८००-१९०० किलोमीटर ज्या माणसाने एकदाही "हळू" म्हटलं नाही, ट्रकच्या कचाट्यात सापडले तरी नाही, त्याला नेमकी तिथे लोकांची काळजी पडली.

मी उतरले. पायात नुसते मोजे होते, बूट घालून मला क्लच कळत नाही म्हणून काढून ठेवले होते, त्या खडीवर मोज्यांनी उभी राहिले. ड्रायव्हर उंच, त्याचे गुडघे स्टीअरिंगला लागायला लागले, त्याने खाली हात घालून सीट खाडकन मागे ढकलली, आरसा फिरवला. आणि गाडी बंद पाडली. हो, आमच्या गाडीचा क्लच फार वर उचलतो, ते त्याला काय माहीत. परत चालू केली, परत बंद पडली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, तेवढ्या हॉर्नच्या गोंधळात मला चांगलाच आनंद झाला. तिसऱ्यांदा त्याने मान बाहेर काढून एका दमात गाडी मागे नेली आणि नदीच्या काठाला अशी लावली की बस आरामात गेली. "हो जाता है मैडम" म्हणाला, हात केला आणि गेला. पिकअपवाल्याने जाता जाता दोन सफरचंदं दिली, ती नवऱ्याने घेतली.

मी सीट पुढे घेतली, आरसा लावला. तो आरसा मला परत कधी पहिल्यासारखा लागला नाही असं मी म्हणते, नवरा म्हणतो आरसा तसाच आहे.

चितकूलबद्दल सगळे म्हणतात किती शांत गाव. आम्ही त्याच्यापेक्षा शांत होतो. लाकडाची घरं, पातळ दगडांच्या फरशांची छपरं, धान्याची जुनी लाकडी कोठारं, मथी देवीचं देऊळ, पुढे थोड्या अंतरावर आयटीबीपीची, म्हणजे सीमा पोलिसांची चौकी आणि तेव्हा तिथून आपल्यासारख्यांना पुढे सोडत नव्हते. ओगल्याची, म्हणजे कुट्टूची, कापणी झाली होती, त्याच्या पेंढ्या वाळत टाकलेल्या. सगळं बघितलं, सुंदर आहे, जा तुम्ही. पण मला जास्त आठवतं ते म्हणजे आम्ही दोघं बास्पाच्या काठी दगडांवर पाचदहा फुटांच्या अंतराने बसलेलो आणि तो सफरचंद चाकूने कापून त्याची फोड मला देतोय आणि मी नको म्हणतेय.

भर म्हणजे सांगल्याहून निघताना मी स्टेटस टाकलं होतं, "नाशिक ते चितकूल, स्टीअरिंग फक्त माझ्याकडे". चितकूलला आमच्या सिमकार्डाला रेंज नव्हती. काढून टाकावं म्हटलं तरी काढता येईना. खाली उतरेपर्यंत ते आपोआप गेलेलं आणि अभिनंदनाचे ढीगभर मेसेज पडलेले, आणि मी सगळ्यांना अंगठे दिले. ते स्टेटस टाकणाऱ्या माझ्याशी मला आजही भांडावंसं वाटतं, की बाई, पोच तरी आधी. पण ती म्हणते दीडशे मीटरसाठी एवढं काय, बाकी सगळं कोणी चालवलं? तिचंही बरोबर आहे. कधी कधी.

शेवटी दुसऱ्या रात्री दोन दोन रजया घेऊन झोपायचा प्रयत्न चालला होता तेव्हा विषय निघाला. तो म्हणाला, "तुझं उजवं मागचं चाक कडेपासून वीतभर होतं. खालून खडे नदीत गेलेले मी बघितले." मी म्हटलं वीतभर नव्हतं, हातभर होतं, मी आरशात बघत होते. तो म्हणाला आरशात चाकाखालचं दिसत नाही. मी म्हटलं मग तसं सांगायचंस ना, लोक थांबलेत काय म्हणालास? तर म्हणतो, "चाक कडेला आहे असं सांगितलं असतं तर तू दचकली असतीस आणि तुझा क्लच सुटला असता."

ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे पटलंय असंही नाही. त्याला हे तेव्हाच सुचलं की दोन दिवस गप्प बसून सुचलं, हे त्याचं त्याला माहीत. वीत की हात ह्यावर आमच्यात अजून वाद होतात, आणि त्या जागेचा फोटो नाही.

पण एक गोष्ट त्याला अजून सांगितलेली नाही, आता इथे वाचेल. ड्रायव्हर आला तेव्हा माझा डावा पाय थरथरत होता. नुसता दुखत नव्हता, माझं ऐकत नव्हता. आणि "दे त्यांना" म्हटल्यावर मला आधी बरं वाटलं. राग नंतर आला, गाडी माझ्याशिवाय मागे जाताना दिसली तेव्हा. मला उतरायचंच होतं आणि ते मी म्हणायच्या आत तो म्हणाला, ह्याचा राग आहे की तो तसं म्हणालाच का ह्याचा, हे मला सांगता येत नाही. तो काहीच बोलला नसता तर मी काय केलं असतं? बहुतेक तिसऱ्यांदा प्रयत्न केला असता. जमलंही असतं. किंवा नसतं.

परत येताना मी सकाळपासून तयारीत होते, की आता येऊ दे कोणी समोरून, आता दरी डावीकडे आहे, आता मला उतार आहे. कोणी आलं नाही. मोकळा रस्ता. ती जागा गेली कधी तेही कळलं नाही, मला वाटलं ते वळण वेगळं आणि त्याला वाटलं ते वेगळं.

आता राहिला काकूंचा शेवटचा सल्ला, "त्यांना पण शिकव ना गं, तुलाच आधार होईल." काकू, परत आल्यावर एकदा गाडी धुताना तो स्वतःहून म्हणाला होता, "लर्निंग काढू का मी?" आणि मी पाइप बंद न करता म्हटलं, "कशाला?" फार पटकन म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, निदान दिवाळीच्या फराळाला आलात तेव्हा तरी नको, कारण त्याला विचारलंत तर तो हो म्हणेल आणि मग मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मला नकोय.