दोन सूत पोट

साताऱ्याजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. फळ्या एकमेकींना आवळून धरणारे लांब पल्ल्याचे क्लॅम्प मोजून पाच. त्यातले दोन एका मित्रानं "उद्या आणून देतो" म्हणून नेले होते. त्याचा उद्या काही उजाडला नव्हता, आणि मला 6 फूट बाय 3 फुटांचा टेबलटॉप जोडायचा होता.

लाकूडही असं की चुकून चालणार नाही. एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या माहेरचा वाडा उतरवला, त्याच्या सागवानी तुळया चिरून सव्वा इंची फळ्या काढलेल्या. आत मोडून राहिलेल्या खिळ्यांनी करवतीची दोन पाती खाल्ली. फळ्या निघाल्या सहाच, प्रत्येकी 6 इंच रुंद. सातवी आणायची तर वाडा परत बांधावा लागला असता.

तरी चुकलो. एप्रिलची दुपार, वर पत्र्याची शेड. हाताशी तीन क्लॅम्प, तिन्ही खालून लावलेले. शेवटच्या कडेला फेविकॉल लावेपर्यंत पहिलीवर दुधासारखी साय धरली होती. चौथा सांधा एका टोकाला मिटेना. मग हँडलमध्ये पाइपचा तुकडा घालून आवळला, तेव्हा मिटला. जमलं म्हणून घरी गेलो, जेवलो, झोपलोसुद्धा.

सकाळी क्लॅम्प सोडले तसा कट्‌कन आवाज झाला आणि चौथा सांधा टोकाकडून फूटभर उलला. पट्टी आडवी धरली तर मध्ये चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच, पोट वर आलेलं. खालच्या बाजूला जिथे जिथे ओल्या फेविकॉलवर लोखंड टेकलं होतं, तिथे निळे-काळे डाग. सागातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याला ओलं लोखंड लागलं की हे होतंच. मला माहीत होतं. घाईत कागद घालायचा राहिला.

आमचे आण्णा दारात स्टुलावर बसून बघत होते. त्यांची उमेदीची वर्षं बैलगाड्या करण्यात गेली.

"कोरड्या कडा जुळत हुत्या का?"

"जरा उजेड दिसत होता. म्हटलं, आवळल्यावर मिटेल."

"शिकंज्यानं मिटवलेला सांधा शिकंजा सोडल्यावर उघडनारच की. आन् तीन शिकंज्यांवर सहा फूट?"

क्लॅम्पला आण्णा शिकंजाच म्हणतात. मग त्यांनी बाभळीचे तुकडे कुठे ठेवलेत ते विचारलं.

पाचही सांधे करवतीनं सोडवले. 36 इंचांचे 35 होणार होते. बाईंना फोन करून तेवढं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणसं जेवायला बसतील ना त्यावर? मग करा."

आण्णांचा शिकंजा म्हणजे दोन इंची बाभळीच्या चार फुटी दोन पट्ट्या, एक फळ्यांच्या वर, एक खाली. दोन्ही टोकांना मध्ये ठोकळा घालून आरपार बोल्ट. एका ठोकळ्याला फळी टेकते, दुसरीकडे फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये पाचरींची जोडी, एकमेकींवर उलट्या. दोन्हीकडून ठोकत गेलं की जाडी वाढते आणि फळ्या दाबल्या जातात. वर-खाली पट्टी असल्यामुळे पोट यायला जागाच उरत नाही. असे सहा केले, फुटाफुटावर एक.

पाचरी मी केल्या, आणि पहिल्या खेपेला त्या ठोकल्या की मागे सरकायला लागल्या. चार इंच लांबीत दीड इंच उतार दिला होता. आण्णा हसले. "पाचर हाय का घसरगुंडी?" मग आठ इंचांत एक इंच उतार ठेवला, त्या जागच्या हलल्या नाहीत. एरवी गावात दुसऱ्याच्या कामात पाचर मारणारे पुष्कळ. कामाची पाचर मारणारा मी एकच माणूस पाहिला.

जास्त वेळ गेला तो कडांवर. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकत्र धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारायचा. रंधा जरा कलला तरी दोन्हींचा कल एकमेकांत जिरतो. मग एकीवर एक उभी करून दाराकडे धरायची. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. चौथ्या सांध्याला हे सात वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, आधी फेविकॉलशिवाय सगळं बांधून बघितलं आणि सोडलं. पट्ट्यांना मेणबत्ती घासली, चिकटू नयेत म्हणून. पाचर थेट कडेवर दाबू नये, दाब दोन्हीकडे फाकावा, म्हणून मध्ये जाड पट्टी घातली. मग फेविकॉल. पुतण्या एका बाजूला, मी दुसऱ्या, आण्णा हातोडी घेऊन पाचरींपाशी. ते सांध्याकडे बघतच नव्हते, आवाज ऐकत होते. बद्द आवाज खणखणीत झाला की पुढच्या शिकंज्याकडे. मी अजून एक ठोका म्हणालो तर म्हणाले, "गाडीच्या चाकाला लोखंडाची धाव चढवताना कोन हातोडी मारत बसतो? तापवायची, चढवायची, पानी वतायचं. लोखंड आक्रसतं तेवढ्यावरच आरं मधल्या तुंब्यात बसत्यात."

पाचही सांध्यांवर फेविकॉलचे मोहरीएवढे थेंब एका ओळीत उभे राहिले. कुठे ओघळ नाही, कुठे कोरडं नाही. फडक्यानं पुसायला गेलो तर आण्णांनी हात धरला. अर्ध्या तासानं थेंब रबरासारखे झाल्यावर पटाशीनं सोलून काढले. ओलं पुसलं असतं तर ते रेषांत शिरून पॉलिशच्या वेळी पांढरं उठलं असतं.

चोवीस तासांनी सोडलं. पट्टी आडवी धरली तर तिच्याखाली कुठेच उजेड नव्हता. एक शिकंजा मात्र फळीलाच चिकटला. त्या पट्टीवर मेणबत्ती फिरवायची राहिली होती. ती पट्टी पटाशीनं फोडून काढावी लागली. पुतण्या म्हणतो काकाचं काम, काका म्हणतो पुतण्याचं.

उरलेल्या पाच शिकंज्यांतले चार सध्या त्याच मित्राकडे आहेत. त्यानं लोखंडी दोन आणून दिले आणि हे नेले. परत मागितले की म्हणतो, "तुला काय, अजून करशील."