दुसऱ्या खोक्यातला गोटा

भोर, 15 सप्टेंबर. मेनंतर वही उघडलीच नव्हती. आधी पाऊस, मग पिल्लं. तेव्हा चार महिन्यांचं एकदमच लिहिते.

कोंबड्यांचा कळप तोच, सहा जणींचा. दोन गावठी (ठिपकी आणि बोडकी), दोन गिरिराज, एक ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आमची तांबडी, आणि एक कडकनाथ, काळी. कोंबडा नाही. पहाटे चारला आरवणारा कोंबडा आळीत कुणालाच नको होता आणि त्यांचंही खरंच होतं म्हणा.

मेच्या शेवटी खुराडं हलवलं. पागोळ्यांचं पाणी नेमकं दारात पडायचं म्हणून भिंतीच्या कडेने आठेक फूट सरकवलं, एवढंच. दिवसभर सगळ्या नव्या जागी आत-बाहेर करत होत्या, दाणे खात होत्या, तांबडीने तर अंडंही घातलं. मला वाटलं, कळलं यांना. दिवेलागणीला पाहते तर सहाही जणी जुन्या जागी, रिकाम्या चौकोनात दाटीवाटीने उभ्या! खुराड्याचं दार जिथे होतं तिथे बोडकी मान वाकवून आत शिरायची, म्हणजे हवेत शिरायची, आणि पलीकडे निघून परत फिरायची. खरं खुराडं आठ फुटांवर उघडं. तिकडे एकीनेही मान वळवली नाही. अंधारल्यावर त्या तिथेच जमिनीवर बसल्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे उचलताना निमूट येतात. चार संध्याकाळी एकेकीला काखेत मारून आत ठेवलं. पाचव्या दिवशी गिरिराज आपणहून गेल्या, त्यांच्यामागे बाकीच्या. बोडकी नवव्या दिवशी. पुन्हा खुराडं हलवायची वेळ आली तर रोज फूटभरच सरकवणार, मग आठवडा लागला तरी चालेल.

आता खोक्यांचं. अंडी घालायला तीन खोकी आहेत, तिन्हीत सारखाच पेंढा. पण सगळ्यांना पहिलंच हवं. आत एक बसलेली, दुसरी तिच्या पाठीवर चढून बसलेली, तिसरी दाराशी कोकलतेय. यात तांबडीचा गोंधळ वेगळाच. सकाळी सगळ्यांचं आटोपलं तरी ही दुपारी तीनला खोक्याभोवती घुटमळते. कारण साधं आहे, अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. म्हणजे आज दहाला, उद्या अकराला, परवा साडेबाराला असं रोज पुढे सरकत जातं आणि दुपार टळली की एक दिवस खाडा. आधी हे माहीत नव्हतं तेव्हा मी तिला आजारी समजून गूळपाणी पाजत बसले होते.

पहिल्या खोक्यातली गर्दी मोडावी म्हणून दुसऱ्यात पांढरा संगमरवरी गोटा ठेवला. अंडं दिसलं की कोंबडी तिथेच घालते, अशी अटकळ. एकीनेही तिथे अंडं घातलं नाही. ठिपकी मात्र 4 जूनला जी त्या गोट्यावर बसली ती उठेचना. हात नेला की पिसं फुगवून गुर्र करायची. दिवसातून एकदा उठून भसकन मोठी विष्ठा टाकायची, चार दाणे टिपायची आणि धावत परत गोट्यावर. पोटाखालची पिसंही उपटली होती, गोट्याला ऊब मिळावी म्हणून.

शेजारच्या आक्का बघून म्हणाल्या, "अगं, खुडूक हाय ती. पान्यात बुडीव दोनदा, न्हाईतर अंडी तरी दे. गोट्यातनं काय निघनार हाय?"

पाण्यात बुडवायला मन होईना. गिरिराज सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे उबवायला बसत नाहीत, गावठीचं हे अंगचंच. आक्कांकडे कोंबडा आहे, म्हणून त्यांच्याकडून नऊ अंडी आणली आणि 12 जूनच्या रात्री, मिट्ट अंधारात, तिच्या पोटाखाली एकेक सरकवली. गोटा काढून घेतला. तिने चोचीने एक अंडं आत ओढलं आणि परत डोळे मिटले. आठवड्याने मोबाइलच्या बॅटरीवर धरून पाहिली. आठांत लाल शिरांचं जाळं, एक कोरं. कोरं काढलं.

2 जुलैच्या रात्री अंड्यांतून बारीक चिवचिव आणि वरून ठिपकीचा आजवर न ऐकलेला, घशातला हलका कुकुकु. 3 तारखेला, बरोबर एकविसाव्या दिवशी, चार पिल्लं. 4 तारखेला आणखी दोन. पोटातल्या बलकावर पिल्लू दोनेक दिवस काढतं, म्हणून तिला मागच्यांसाठी थांबता येतं. 5 तारखेला उरलेल्या दोन अंड्यांकडे पाठ फिरवून ती उठली, परत पाहिलंही नाही.

मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस, म्हणजे लासोटा, सहाव्या दिवशी डोळ्यांत थेंब थेंब घातली. बाटली शंभर डोसांची, माझी पिल्लं सहा. म्हणून आधीच आक्कांशी बोलून त्यांच्याही पिल्लांचा दिवस तोच ठरवला आणि बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणून दोन्ही घरची उरकली. पावसात रक्ती हगवणीची धास्ती होती, पण पेंढा दर दोन दिवसांनी बदलला आणि निभावलं.

आणि काळी. (कडकनाथचं अंडं काळं असतं का, हे कृपया कुणी विचारू नका. फिकट तपकिरी असतं.) मेपासून ही पहाटे आरवते. पूर्ण बांग नाही, सुरुवात जोरात आणि शेवट घशात अडकलेला. आक्कांच्या मते कोंबडी आरवली की घराला वाईट. कोंबडीचा डावाच अंडाशय चालतो. तो बिघडला तर उजव्या बाजूचा अवयव जागा होतो, तुरा वाढतो आणि ती कोंबड्यासारखी वागू लागते, हे मीही वाचलं होतं. पण काळीच्या ओटीपोटाच्या हाडांमध्ये आजही आरामात तीन बोटं बसतात, ही अंडी घालणारीची खूण, आणि अंडी चालू आहेत. माझ्या मते कोंबडा नाही म्हणून तिने गादी घेतलीय, बाकी काही नाही. कोंबड्यांतली ही टोचाटोचीची उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरुप-एबे यांनी 1922 मध्येच लिहून ठेवली. आमच्याकडे सगळ्यात वर काळी, तळाला बोडकी. जुलैत पिल्लं घेऊन फिरणाऱ्या ठिपकीने काळीलाही पळवून लावलं होतं. ऑगस्टअखेर तिने स्वतःच पिल्लांना टोचून हाकललं आणि दुसऱ्या दिवशी काळीने तिला.

सहा पिल्लांतली दोन कोंबडे निघालीत. काल सकाळी त्यातल्या एकाने ओट्यावर चढून पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न केला, फाटक्या पिपाणीसारखा. परसाच्या त्या टोकाहून काळी पंख पसरून धावत आली आणि त्याच्या डोक्यावर दोन टोचे हाणले. आज पहाटे नेहमीच्या वेळी तीच आरवली.

गोटा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. ठिपकी मात्र परवापासून दुसऱ्या खोक्यात डोकावू लागलीय.