सस्टेनेबिलिटीचा मायनर घेताय? आधी वजनकाटा मिळवा

सस्टेनेबिलिटीचा मायनर, म्हणजे मेजरच्या (मुख्य विषयाच्या) जोडीचा दुय्यम विषय, निवडताना मुलं पेपरांची नावं वाचतात. वाचायचे असतात ते प्रात्यक्षिकाचे तास. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट आहेत, त्यातले 24 मायनरचे. अभियांत्रिकीत आपल्याकडे मल्टिडिसिप्लिनरी मायनरला 14 मिळतात. लेक्चरचा एक क्रेडिट 15 तासांचा, प्रात्यक्षिकाचा 30. सगळे क्रेडिट लेक्चरचेच असतील तर पर्यावरण अभ्यासाचा तो सक्तीचा पेपरच पुन्हा, जरा लांबवून दिलेला असतो.

पेपर निवडताना जी पद्धत मेजरमध्ये शिकवत नाहीत ती घ्यावी. अर्थशास्त्रवाल्यांनी क्यूजीआयएस (नकाशांवर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर) किंवा पाण्याची तपासणी. रसायनवाल्यांनी घनकचऱ्याचे नियम आणि खर्चाचा हिशोब. उलट केलं तर सोपं जातं, पण हाती नवं काही लागत नाही.

खरा कस प्रोजेक्टमध्ये. मुळा-मुठेचं प्रदूषण हा विषय एका सेमिस्टरला झेपत नाही. आपल्याच कॉलेजचा कार्बनचा हिशोब झेपतो. बारा महिन्यांची वीजबिलं, कॅन्टीनच्या सिलिंडरच्या पावत्या आणि जनरेटरचं डिझेल रजिस्टर एवढं हवं. परवानगीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, कारण बिलं अकाउंट्सकडे असतात आणि मार्चमध्ये तिथे कुणी दाद देत नाही.

विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं, बिलांच्या वर्षाचाच घ्या. डिझेल लिटरला 2.7 किलो, एलपीजी किलोला जवळपास 3. म्हणजे 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमागे 57 किलो. हमखास चूक होते ती विजेत. महाराष्ट्रात हाय टेन्शन (मोठ्या ग्राहकांच्या उच्चदाब) कनेक्शनचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर आकारलं जातं आणि मुलं तोच आकडा उचलतात. 0.7 हा गुणक मात्र केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे नेहमीच्या युनिटसाठी आहे. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.9 असेल तर तुमचं उत्तर 11 टक्क्यांनी फुगतं. गच्चीवर सोलर असेल तर बिलात फक्त आयात-निर्यात दिसते, एकूण निर्मिती इन्व्हर्टरवरून घ्यावी लागते.

कचऱ्याचं ऑडिट दिसायला सोपं, करायला घाण. ताडपत्री, हातमोजे, 50 किलोचा काटा, चार ड्रम. रिकाम्या ड्रमचं वजन आधी त्याच्यावरच मार्करने लिहा. सलग सात दिवस मोजा, पण परीक्षेचा किंवा गणपतीचा आठवडा नको. फेब्रुवारी-मार्चची पानगळ झाडलोटीत मिसळली की ओला कचरा भलताच वाढलेला दिसतो, म्हणून पानं वेगळी तोला. ढीग मोठा असेल तर नीट कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला काढा, पुन्हा कालवा. पंचवीसेक किलो उरेपर्यंत हेच. वर्गीकरण त्याच दिवशी उरका, ओलं सुकलं की वजन घटतं.

आणि कचरा नेणाऱ्या ताईंशी आधी बोला. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या असोत वा ठेकेदाराच्या, कोणत्या मजल्यावरून काय येतं हे त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पुठ्ठा आणि बाटल्या तुमचा काटा येण्याआधीच भंगारात गेलेल्या असतात. तो आकडा भंगारवाल्याच्या पावतीतूनच मिळेल. नाहीतर अहवालात ‘सुका कचरा नगण्य’ असं हास्यास्पद वाक्य येतं.

शेवटी खतावर येऊन थांबणारे प्रोजेक्ट बहुतेक वासामुळे बंद पडतात. कॅन्टीनच्या उष्ट्यात नायट्रोजन जास्त. कार्बन-नायट्रोजन प्रमाण 25 ते 30 वर आणायला एक बादली उष्ट्याला दोन-तीन बादल्या वाळकी पानं लागतात. रस्सा निथळून घ्या. मूठ आवळल्यावर थेंब-दोन थेंबच पडावेत, धार नको.

प्रोजेक्ट पाण्याच्या हिशोबाचा असेल तर मीटर अनेक ठिकाणी बंद किंवा नसतंच, त्यात बोअर आणि टँकर वेगळे. दिवसाच्या कॉलेजला माणशी रोज 45 लिटर हा नेहमीचा निकष. तुमचा आकडा दीडशेवर गेला तर हॉस्टेल त्याच लाइनवर आहे का ते आधी बघा. नसेल तर रात्री दहाला टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा, पहाटे पाचला पुन्हा बघा. चार बाय तीन मीटरच्या टाकीत पाच सेंटिमीटर उतार म्हणजे 600 लिटर गळती, आणि ती बहुधा फ्लशच्या टाक्यांतच सापडते.